नसीम, ओढ्यापलीकडे तूच वाचत होतीस

नसीम, यंदाची फ्रेंच जत्रा झाली. तुझ्याशिवाय झाली असं मी लिहिणार होते. पण तसं लिहिता येत नाही, आणि का येत नाही तेच तुला सांगायला बसले आहे.

पहिल्या दिवशी दुपारी मी लिंबाखाली माईकसमोर बसून वाचत होते. समोर चटयांवर बायका, मागं खुर्च्यांवर म्हातारी माणसं, सगळं नेहमीसारखं. तेवढ्यात तुझा भाऊ इलियास ओढ्यापलीकडच्या तुमच्या घरून आला. पायात चप्पल नव्हती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. म्हणजे पुलावरून न येता सरळ पाण्यातून आला होता. लिंबाच्या मागून तो पुढे झाला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि मग समोर बसलेल्या एकेका बाईचं तोंड निरखत राहिला. मी वाचायची थांबले.

"आक्का," तो म्हणाला, "आपा कुठंय?"

तुझा चाळिसावा अजून व्हायचा होता. तुझ्या जनाज्याला पहिला खांदा त्यानंच दिला होता.

"इलियास, काय झालं रे?"

"काही न्हाई. घरी आवाज येऊन राहिला. आपा वाचून राहिलीय."

"अरे, मी वाचून राहिले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाला, "व्हय. इथं तर तुमीच हायेत." आणि आल्या वाटेनं परत गेला. मी पुढचं वाक्य शोधत बसले, बोट ओळीवर असूनही मला ते सापडेना.

ही जत्रा कशी सुरू झाली ते तुला माहीतच आहे. तरी सांगते. आता ती गोष्ट सांगायला माझ्याखेरीज कोणी उरलं नाही, आणि सांगितलं की तू समोर बसून माझ्या चुका काढत असल्यासारखं वाटतं.

तू सेनगावच्या शाळेत मराठी शिकवायचीस. एकदा हिंगोलीच्या बाजारातून, जुन्या मासिकांच्या ढिगातून, ते जाडजूड पुस्तक घेऊन आलीस. एका फ्रेंच कादंबरीचं मराठी भाषांतर. मुखपृष्ठावर तो दाढीवाला लेखक, डोळे जरा ओले वाटतील असे. गिरणीत येऊन माझ्या तराजूवर ते ठेवलंस आणि म्हणालीस, "सगळी दुनिया याला डोक्यावर घेते, सुमे. आन् हा बघ, रद्दीत पडला व्हता." मी त्याच्यावर बसलेलं पीठ पुसून तुला परत दिलं. मला तेव्हा त्या पुस्तकाचं काही वाटलं नव्हतं.

मग बचत गटाच्या बैठकीला बँकेची बाई आलीच नाही. सगळ्या जमलेल्या, घरी जायला कोणालाच घाई नाही, थंडीचं ऊन छान पडलेलं. तू पिशवीतून पुस्तक काढलंस आणि वाचायला लागलीस. दुसऱ्या दिवशी बैठक नव्हती, तरी बायका आल्या. पुढच्या वर्षी पुरुषही आले. मग कोणीतरी भोंगा आणून लिंबाला बांधला, तोंड ओढ्याकडे करून, म्हणजे पलीकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्यांनाही ऐकू जावं. तीन दुपारी वाचन, मध्ये अजान झाली की थांबायचं, देवळात आरती लागली तरी थांबायचं. ज्यांच्या रानात ज्वारी ते हुरडा आणायचे. आजूबाजूच्या गावांतून माणसं जीपनं येऊ लागली. आपल्या लोकांनीच तिला जत्रा म्हणायला सुरुवात केली.

त्या लेखकाचं नाव कोणालाच नीट यायचं नाही. केरबाकाका ते असं काही म्हणायचे की तुलासुद्धा पदर तोंडाला लावावा लागायचा. शेवटी तूच हुकूम काढलास, "माणसाचं नाव बराबर घेता येत नसंल तर घेऊच नका. फ्रेंच म्हणा." म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

आणि तो पहिला फ्लेक्स आठवतो का? सेनगावच्या फ्लेक्सवाल्यानं वाढदिवसाचा करतात तसाच केला होता. फ्रेंचच्या डोक्यामागं सोनेरी किरणं, खाली तरुण मंडळातल्या पोरांचे हात जोडलेले फोटो. एक म्हातारी येऊन त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावून गेली. तू चिडशील म्हणून मी ओलं फडकं घेऊन धावले. तू माझा हात धरलास. "राहू दे गं. इतक्या लांब आलाय बिचारा. त्याला पण बरं वाटंल."

कादंबरी मोठी. तिच्यात लढाई आहे, लग्नं आहेत, दुष्काळ आहे, पण आपल्या गावाला आठवते ती एलीझ. नदीकाठी पाणचक्की असलेलं घर, त्या घरात एलीझ एकटी राहते. तिची धाकटी बहीण लहानपणी चक्कीच्या पाण्यात बुडून गेली. आता एलीझच्या केसांत पांढरे आलेत, आणि दुपारच्या वेळी तिला वरच्या खोलीत कोणी चालल्यासारखं वाटतं. मग गुणगुणल्यासारखं. मग बोलल्यासारखं. ती कोणाला सांगत नाही. एकदा सांगते तर लोक हसतात. एलीझचं घर चक्कीचं आणि माझी पिठाची गिरणी, म्हणून बायका मला कितीतरी दिवस एलीझ म्हणून चिडवायच्या.

तिसऱ्या दिवशी ऊन कलायच्या सुमाराला तू त्या वाक्याशी यायचीस: एलीझनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आणि पुस्तक मिटायचीस. एक प्रकरण शिल्लक असायचं. ती थोडीशी पानं तुझ्या अंगठ्याखाली दिसायची सगळ्यांना.

दर वर्षी आपलं भांडण तिथंच.

"लोकं शेतातली कामं टाकून तीन दिवस बसतात," मी म्हणायचे, "त्यांला शेवट नको का?"

"गिऱ्हाइकाला पीठ दिलं की काम झालं, हे तुझं गिरणीचं गणित हाय."

"मंग ते दार कधी उघडायचंच न्हाई का?"

"ज्याला उघडायचंय त्यानं घरी जाऊन उघडावं."

आणि लोकांनी उघडलंही. वर्षभर गिरणीत दळण होईपर्यंत हेच चालायचं. केरबाकाकांचं ठाम मत, वर मांजर आहे. एकीचं म्हणणं, वर सासू आहे, तिला कोणी सांगितलंच नाही की ती मेली. एक पोरगी म्हणाली, वर एलीझच आहे, लहानपणीची. मी तुझ्यावर रागवायचे, पण एवढं कबूल करते, शेवट वाचला असतास तर इतकी वर्षं हे गाव त्या जिन्याखाली जमलं नसतं. हे तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. तू फार फुगली असतीस.

दुसरी एक गोष्ट बोलले नाही, ती वेगळी आहे.

तुझी धाकटी बहीण शबाना. आपल्याहून लहान, नाकात चांदीची तार, सारखी आपल्या मागं. तुमच्या मळ्यातल्या विहिरीत ती गेली तेव्हा आपण शाळेत होतो. पुढच्या हिवाळ्यात आपण बोरं वेचत होतो ओढ्याकाठी, आणि तू एकदम म्हणालीस, "दुपारची ती बोलती, सुमे. विहिरीतून न्हाई. आमच्या घरावरच्या माळवदावरून." मी तुझ्याकडे पाहिलं. "अम्मी म्हणती, कबुतरं हायेत." एवढं बोलून तू बोर तोंडात टाकलंस. मीही टाकलं. एवढ्याशा पोरी आपण, मी काय बोलणार होते. त्यानंतर तू कधी तो विषय काढला नाहीस. पण पुढे कित्येक वर्षांनी, एवढ्या मोठ्या ढिगातून तू नेमकं तेच पुस्तक उचललंस, आणि नेमकी त्याच पायरीवर थांबत राहिलीस. मला ते दिसत होतं. तुला माहीत होतं की मला दिसतंय. आपली मैत्री बरीचशी अशीच चालली, मधलं काही न बोलता.

तुला नांदेडला नेलं त्या जीपमधलंही सांगायला हवं, कारण ड्रायव्हर सोडला तर तिथं फक्त मीच जागी होते. इलियास पुढे ड्रायव्हरशेजारी, दोन दिवस झोपला नसल्यानं मान टाकून. तुझं डोकं माझ्या मांडीवर. तुझा खोकला छातीत उतरलेला, श्वास चाळणीतून येतो तसा येत होता. नांदेडला दवाखान्यात पोहोचलो की सगळं ठीक होईल असं मी तुला सांगत होते आणि स्वतःलाही. कळमनुरी मागं पडली. सकाळची वेळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुकं, तूर दिसत नव्हती. तू डोळे उघडलेस आणि जीपच्या टपाकडे बघत राहिलीस.

"वर कोण चालून राहिलंय?"

टपावर काही नव्हतं, नसीम. सामान बांधायची दोरी होती, ती सुटून आपटत होती.

"दोरी हाय," मी म्हटलं. "वाऱ्यानं हलून राहिली."

तू माझ्याकडे पाहिलंस. तशी नजर मी तुझ्या डोळ्यांत आधी पाहिली नव्हती. रागाची नाही, कीव करावी तशी. "व्हय," तू म्हणालीस. "दोरीच असंल." आणि डोळे मिटून घेतलेस. नांदेडच्या आधीच तुझा श्वास थांबला. पुढचा सगळा रस्ता टपावर ते आपटत राहिलं, आणि उतरल्यावर मी वर पाहिलं तर दोरी घट्ट बांधलेली होती. ड्रायव्हरनं वाटेत बांधली असेल. मी त्याला विचारलं नाही.

यंदा जत्रा करायची की नाही, यावर गावात कुजबुज होती. मी अम्मींना विचारायला इलियासकडे निरोप दिला. तो परत आला तो पुस्तक घेऊनच. तुझ्या निळ्या ओढणीत बांधलेलं. "अम्मी म्हणती, वाचा. सुमनआक्कानंच वाचावं."

मी नको म्हणत होते. माझा आवाज तुला माहीत आहे. आयुष्यभर गिरणीच्या पट्ट्यावर ओरडून ओरडून फाटलेला, जाड, पुरुषी. तुझा बारीक, आणि वाक्य संपताना किंचित वर जाणारा, जणू पुढचं वाक्य दारात येऊन उभंच आहे. आपल्या दोघींचे आवाज आंधळ्यालाही वेगळे कळतील. म्हणूनच इलियास आला त्या दुपारी मी स्वतःची समजूत घातली की पोरगं दुःखात आहे, त्याला भास झाला.

संध्याकाळी ओढ्यापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका दळण घेऊन आल्या. गंगूबाई म्हणाली, "बरं केलंत बाई, नसीमबाईचं जुनं रेकॉर्डिंग लावलंत. वेचता वेचता डोळ्याला धारा लागल्या." तिच्या मागच्या दोघीही म्हणाल्या, व्हय, बराबर तिचाच आवाज. कोणाचा आवाज म्हणून त्या चर्चा करत नव्हत्या. त्यांना त्यात शंकाच नव्हती.

तू कधी कोणाला रेकॉर्डिंग करू दिलं नाहीस, हे मला माहीत होतं. तरी मी भोंगेवाल्याला विचारलं. त्यानं मशीन उघडून दाखवलं. माईकची एक वायर आणि भोंग्याची एक. केरबाकाका बसले होते तिथं. ते म्हणाले, "वारं हाय. ओढ्याच्या खळग्यात आवाज फिरतो. गाय हंबरली तरी माणूस बोलल्यासारखं वाटतं." बोलले, आणि मग अंगावरची शाल आवळून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आपण जाऊन ऐकायचं. तुझ्याच शाळेतली पूजा, तू शिकवलेली आणि आता स्वतः शिकवणारी, तिला मी पुस्तक दिलं आणि पूल ओलांडून पलीकडे गेले. भर दुपार. कपाशीच्या रानात कोणी नव्हतं, सगळे वाचनाला गेलेले किंवा बांधाला जेवायला बसलेले. बोंडं फुटून पांढरीधोप, आणि त्या पांढऱ्यावरून भोंग्यातला आवाज येत होता. मी एका जागी उभी राहिले. पण तो पूजाचा आवाज होता. पोरीचा घाईघाईचा, जोडाक्षरावर अडखळणारा, पूजाचाच.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि काहीतरी हातातून गेल्यासारखंही.

तुमच्या घरी गेले. अम्मी ओट्यावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, भोंग्याच्या दिशेला कान करून. दोन्ही गुडघे धरलेत त्यांचे, पुलापर्यंतही येववत नाही. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"आज कोई और है," त्या म्हणाल्या. चेहरा उतरला होता.

"पूजा हाय, अम्मी. तुमच्या नसीमची इद्यार्थीण."

"हौ. अच्छा पढ़ती." मग जरा थांबून, "कल नसीम थी."

मी परत फिरले. पूजाकडून पुस्तक घेतलं आणि ती थांबली होती तिथून वाचायला लागले. पान उलटेपर्यंत मांडीवरचा फोन थरथरला. इलियास. मी कानाला लावला. तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "आक्का, आली."

त्यानं तिकडून फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं, माझ्या सांगण्यावरूनच. नंतर आम्ही ते ऐकलं. लांबचा भोंगा, वाऱ्याची सरसर, आणि कोणाचा म्हणून सांगता येणार नाही असा एक आवाज. त्यातून काहीही निघत नाही.

आणि मग मला समजलं मी कशात सापडले आहे ते. मी वाचते तेव्हाच तू पलीकडे ऐकू जातेस. आणि मी वाचत असते तेव्हा मला पलीकडे उभं राहता येत नाही. पलीकडच्या सगळ्यांनी तुला ऐकलं, कापूस वेचणाऱ्यांनी ऐकलं, रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी मोटारसायकलवाल्यानं थांबून विचारलं की ह्या बाई कोण. एक मीच तुला ऐकू शकत नाही. नसीम, मला आधी भीती वाटली. मग, खरं सांगते, राग आला. इतक्या वर्षांची मैत्रीण मी, आणि माझ्याच गळ्यातून जाऊन तू सगळ्यांकडे जातेस, माझ्याकडे सोडून.

वाचन आटोपल्यावर अम्मींनी बोलावणं पाठवलं. ऊन अजून ओट्यावर होतं. इलियासनं चहा ठेवला आणि आत गेला. अम्मींनी माझा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"कल आखरी दिन है ना?"

"व्हय."

"कल पूरी पढ़. रुकना नक्को."

मी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हटलं, "अम्मी, नसीमला ते आवडायचं न्हाई. ती कधीच वाचायची न्हाई शेवटचं."

"नसीम डरती थी." अम्मी सरळ माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यांना माझी नुसती सावली दिसत असेल. "छोटी थी ना, तब मेरेकू बोली, अम्मी, शबाना ऊपर बोलरी. मैं बोली, कबूतर है. उसके बाद ऊपर चढ़ीच नहीं कभी. इत्ती बड़ी हो गई, मास्टरनी हो गई, पर माळवद पे नहीं गई."

"कबुतरंच असतील, अम्मी."

"नहीं थे."

ओट्यावर एक मांजर होतं, ते उठून गेलं. अम्मींनी माझा हात सोडला नाही.

"मेरेकू भी सुनाई देती थी. रोज दोपहर को. मेरेकू मालूम था कौन है. मैं उसकू झूठ बोली, इसलिए वो डर गई. हौ बोलती, तेरी बहन है, तो काहेकू डरती?"

मला जीपचा टप आठवला, आणि तुझी ती नजर. मला वाटतं तेव्हा ती नजर मला कळली.

"तुमाला भीती न्हाई वाटत, अम्मी?"

"दोनों लड़कियाँ उधर हैं," अम्मी म्हणाल्या. "मैं किसकू डरूँ?"

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली बसायला जागा नव्हती. बातमी पसरली होती. काही लोक मुद्दाम ओढ्यापलीकडेच उभे राहिले होते, बांधावर ओळीनं, इकडे यायलाच तयार नव्हते. त्यांना तू हवी होतीस. इकडे बसलेल्यांना नुसती मी.

मी वाचत गेले. शेवटच्या आधीचं सगळं प्रकरण, एलीझची ती शेवटची दुपार, पाणचक्की बंद पडलेली, नदी आटलेली. माझा घसा दुखत होता पण पाणी प्यायला थांबले नाही; थांबले तर तू थांबशील असं वाटत होतं. पलीकडची ओळ जागची हलत नव्हती, म्हणजे तू चालू होतीस. मग ते वाक्य आलं. एलीझनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

लोक सवयीनं उठायला लागले. बायकांनी चटया गुंडाळायला घेतल्या. मी पान उलटलं. तो कागदाचा आवाज भोंग्यातून सगळ्या गावावर गेला, आणि सगळे होते तिथं थांबले. केरबाकाका अर्धवट उठले होते, ते खुर्चीच्या दांडीला धरून परत बसले.

तू नको म्हणत होतीस, हे माझ्या मनात होतं. तू ओरडशील असंही एक क्षण वाटलं. मग मी वाचलं.

एलीझ वर जाते. दार ढकलते. खोलीत कोणी नाही. ऊन आलेलं, एक रिकामी बाज, नदीकडे उघडी खिडकी. ती खिडकीत बसते. दमलेली असते. आणि बसल्या बसल्या ती बहिणीशी बोलायला लागते, हळू आवाजात. तू गेलीस त्या दिवसापासून काय काय झालं ते सगळं. कोणाचं लग्न झालं, कोण मेलं, चक्की कधी थांबली. खाली शेजारीण पीठ मागायला आलेली असते. स्वयंपाकघरात उभी राहून ती ऐकते. वर कोणीतरी चाललंय, बोलतंय. ती विचारते, वर कोण आहे? आणि वर एलीझ गप्प होते.

एवढंच आहे ते. तिथं पुस्तक संपतं.

भोंग्याची घरघर तेवढी चालू होती. बऱ्याच वेळानं केरबाकाका म्हणाले, "म्हंजी मांजर न्हवतं तर." कोणी हसलं नाही. बायका उठल्या आणि एकमेकींना धरून घरी गेल्या.

वाचताना मला एक जाणवलं होतं. जिन्याच्या त्या वाक्यानंतर भोंग्यातला माझा आवाज मला एकदम जवळून आला, जाड, घोगरा, नको इतका माझा. आणि मान वर केली तर पलीकडच्या बांधावरची माणसं पांगायला लागली होती.

मी ओढणीत पुस्तक बांधलं आणि तशीच पूल ओलांडून निघाले. मला खात्री वाटत होती की मी तुला घालवून दिलं. तू नको म्हणत असताना दार उघडलं आणि तू गेलीस. अम्मींच्या समोर कसं उभं राहायचं ते कळत नव्हतं. त्यांनीच सांगितलं होतं हे खरं, पण त्यांना तीन दुपारी लेक मिळाली होती, आणि आता उद्याची दुपार रिकामी.

अम्मी ओट्यावर नव्हत्या. आत बाजेवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. चेहरा शांत होता. मी दारातच उभी राहिले.

"जीने तक वो थी," त्या म्हणाल्या. "उसके बाद तू थी."

मला रडू येत होतं, आणि कसं कोण जाणे, हसूही आलं. "म्हंजी आमचं भांडण तसंच राहिलं, अम्मी. मेल्यावर पण तिनं शेवट वाचला न्हाई."

"पढ़ी नहीं," अम्मी म्हणाल्या. "सुनी."

त्यांनी शेजारी हात ठेवला. बाजेवरची गोधडी तिथं दबलेली होती, बराच वेळ कोणी बसलं की दबते तशी. घरात दुसरं कोणी नव्हतं. इलियास तर पुलावर मला भेटला होता. मी त्या खळग्याकडे बघत राहिले. तिथं बसावं की उभंच राहावं, मला कळेना.

अम्मी जराशा सरकल्या. खळग्याच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला. मला जागा करून दिली.

मी बसले. मग आपण तिघी ऊन जाईपर्यंत काही बोललो नाही.